शपथ हरित, क्वार्टर गळकं

गेल्या मे महिन्यात आम्हा चाळीसेक जणांना एका प्रशिक्षणाला बोलावलं होतं. विषय होता ‘हरित आरोग्य संस्था आणि मनुष्यबळ’. शहरातलं एसी सभागृह, स्टेजवर फ्लेक्स, फ्लेक्सवर दोन तळहातांत धरलेली पृथ्वी. प्रत्येकाच्या खुर्चीवर एक पाण्याची बाटली, एक प्लॅस्टिकचं फोल्डर आणि त्यात पर्यावरणपूरक रुग्णालयाचे फायदे सांगणारी बारा पानांची झेरॉक्स. दुपारी उभं राहून, उजवा हात पुढे करून आम्ही शपथ घेतली. मी विनाकारण दिवा चालू ठेवणार नाही. मी कागदाची बचत करीन. मी दरवर्षी एक झाड लावीन आणि ते जगवीन.

बाहेर पार्किंगमध्ये आमच्या छत्तीस मोटरसायकली आणि तीन चारचाक्या उभ्या होत्या. मी कंटाळून मोजल्या होत्या. सगळा दिवस पर्यावरणावर बोलणं झालं, पण तुम्ही इथे कसे आलात आणि रोज कामावर कसे जाता हे एकाही वक्त्यानं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात आमच्या आशाताईंना मी शपथेची गोष्ट गंमत म्हणून सांगितली. त्या धनगरवाड्यावरून चालत आल्या होत्या, पिशवीत लोहाच्या गोळ्या, वजनकाटा आणि घरून बांधून आणलेली भाकरी. त्यांनी विचारलं, ‘आमास्नी न्हाई व्हय बोलवलं?’

नव्हतं बोलवलं. प्रशिक्षण मनुष्यबळाचं होतं, आणि आशा शासनाच्या भाषेत स्वयंसेविका असते. ती मनुष्यबळात धरत नाहीत.

त्या प्रश्नामुळे हा लेख लिहितोय. माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. आपल्याकडे ‘हरित मनुष्यबळ’ या नावाखाली जे चाललंय, ते माणसांना सवयी लावण्याचं काम आहे. दिवे बंद करा, झाडं लावा, कागद वाचवा. गगनबावड्यासारख्या ठिकाणी आरोग्यसेवेचा धूर, डिझेल, कचरा हे सगळं कर्मचाऱ्यांच्या सवयींतून कमी आणि त्यांना नेमण्याच्या, ठेवण्याच्या, पगार देण्याच्या पद्धतीतून जास्त येतं. ती पद्धत बदलायची नसेल तर शपथ घेण्यात अर्थ नाही.

मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. म्हणजे आयुर्वेदाची पदवी, वर सहा महिन्यांचा कोर्स, आणि मग एका उपकेंद्रात नेमणूक. बीपी-शुगर तपासणं, गरोदर बायांची नोंद, लहान मुलांचे डोस, किरकोळ औषधं, आणि उरलेला दिवस पोर्टल भरणं. २०१८ पासून देशभर उपकेंद्रांची ‘आरोग्यवर्धिनी’ होऊ लागली, त्यात आमची ही जमात तयार झाली. ठोक मानधन २५,००० आणि कामगिरीनुसार १५,००० पर्यंत. करार अकरा महिने एकोणतीस दिवसांचा. झाड लावून ते जगवण्याची शपथ मी पाचव्या कराराच्या काळात घेतली. आंब्याचं कलमसुद्धा नीट धरायला चार वर्षं घेतं, तोवर मी या उपकेंद्रात असेन की नाही हे मला कुणी लिहून देत नाही.

माझं घर कोल्हापुरात, आणि नोकरी तिथून पंचावन्न किलोमीटरवर. बालिंगा, कळे, साळवण, असळज करत रस्ता गगनबावड्याला जातो आणि तिथून करूळ नाहीतर भुईबावडा घाटानं कोकणात उतरतो. तुम्ही रील्समध्ये धुक्यातला गगनगड पाहिला असेल, कदाचित पावसाळ्यात येऊन भजी खाऊन गेला असाल. तालुका लोकसंख्येनं जिल्ह्यात सर्वांत लहान, २०११ च्या जनगणनेत साधारण ३६ हजार. पाऊस मात्र जिल्ह्यात सर्वांत जास्त. इथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला शिरोळमध्ये पाचशेच्या आसपास. तरी उपकेंद्राच्या इमारतीचा नकाशा दोन्हीकडे सारखाच. सपाट स्लॅब, चारी बाजूंनी उघड्या भिंती.

आता हिशेब. रोज ११० किलोमीटर, महिन्याला पंचवीस दिवस. राज्य सरकारचा पाच दिवसांचा आठवडा आरोग्यसेवेला लागू नाही. म्हणजे २,७५० किलोमीटर. माझी गाडी लिटरला पन्नास देते, तर ५५ लिटर पेट्रोल. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. सुट्ट्या वगळून अकरा महिने धरले तरी वर्षाला जवळपास १,४०० किलो. आता शपथेतला दिवा घेऊ. जुनी ४० वॅटची ट्यूब काढून २० वॅटची एलईडी लावली आणि ती रोज सहा तास पेटली, तर वर्षाला ४४ युनिट वाचतात, म्हणजे तीसेक किलो कार्बन. माझं एकट्याचं येणं-जाणं फेडायला पंचेचाळीस ट्यूबा बदलाव्या लागतील. आमच्या उपकेंद्रात एकूण ट्यूबा चार आहेत.

आणि मी एकटा नाही. सकाळी साडेआठला कळ्याच्या पुढे उभे राहा आणि बघा. तलाठी, शिक्षक, ग्रामसेवक, नर्सताई, बँकेतले, आम्ही, सगळे पश्चिमेकडे. संध्याकाळी सगळे पूर्वेकडे. या येण्या-जाण्याला आपल्याकडे नाव आहे, ‘अप-डाऊन’. लग्नाच्या बायोडेटात सुद्धा लिहितात, ‘अप-डाऊन करतो’.

हे फक्त आपल्या घाटातलं दुखणं नाही. ‘हेल्थ केअर विदाउट हार्म’ या संस्थेनं २०१९ मध्ये मांडलेला अंदाज असा, की जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात आरोग्यक्षेत्राचा वाटा ४.४ टक्के आहे. हे क्षेत्र एक देश असतं तर उत्सर्जनात पाचवा देश ठरलं असतं. इंग्लंडच्या एनएचएसनं २०२० मध्ये शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट जाहीर केलं, त्यासाठी आधी मोजणी केली. कर्मचारी, रुग्ण आणि भेटायला येणारे यांच्या प्रवासाचा वाटा दहा टक्क्यांच्या घरात निघाला. म्हणजे तिथे निदान कुणीतरी विचारलं, तुम्ही कामावर कसे येता?

‘ग्रीन एचआरएम’ ही कल्पना मॅनेजमेंटच्या पुस्तकांतून आली. भरती, प्रशिक्षण, मूल्यमापन, बक्षीस या सगळ्यांत पर्यावरणाचा विचार घालायचा, असं तिचं सूत्र. कारखान्यासाठी, आयटी कंपनीसाठी ठीक असेल. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये आरोग्य संस्थांसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात चार विषय आहेत. मनुष्यबळ, पाणी-स्वच्छता आणि कचरा, ऊर्जा, आणि इमारत-साधनसामग्री. मनुष्यबळ पहिल्या नंबरावर आहे, आणि त्यात माणसं पुरेशी असणं, ती सुरक्षित असणं हे सगळं येतं. आपल्यापर्यंत पोचेतो त्या पहिल्या विषयाचं काय झालं? प्रशिक्षण झालं. पुरेशी माणसं नेमणं खर्चाचं. प्रशिक्षण एका दिवसात होतं, फोटो निघतात, अहवालात ‘साध्य’ लिहिता येतं.

मी अप-डाऊन का करायला लागलो ते सांगतो, कारण इथेच मला दोष देणारे वाचक असतील. दोष थोडा माझा आहेही.

मार्च २०२१ मध्ये रुजू झालो तेव्हा राहायचं ठरवूनच आलो होतो. उपकेंद्राला लागून दोन खोल्यांचं क्वार्टर आहे. मार्च, एप्रिल, मे मस्त गेले. रात्री गवे रस्ता ओलांडताना दिसायचे, पहाटे गारवा, शेजारच्या घरातून नाचणीची भाकरी यायची. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात झड लागली. आधी स्लॅबच्या कोपऱ्यातून थेंब आले, मग भिंत फुगली, मग मीटरच्या बोर्डात पाणी. गावातली माणसं पावसाच्या बाजूला झावळ्या-गवताच्या झडपा बांधतात, पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून छप्पर पुढे काढतात. सरकारी नकाशात हे नाही. सतरा दिवस मी बादल्या बदलत काढले. कपडे वाळायचे नाहीत, तर मी शेजारच्या काकूंच्या चुलीच्या वर टांगायचो. अठराव्या दिवशी अंथरुणाला बुरशी धरलेली दिसली आणि मी बॅग भरली. दुरुस्तीचे अर्ज चार केले. एकाचं उत्तर आलं, बाब प्रस्तावित आहे. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या माणसालाही निधी कुठून आणायचा हे माहीत नव्हतं.

२०२२ साली विधानसभेत आणि बाहेर मोठा गदारोळ झाला होता, आठवत असेल. शिक्षक मुख्यालयी राहत नाहीत आणि घरभाडे भत्ता मात्र घेतात, असा आरोप. मग मोर्चे, प्रतिमोर्चे, रील्स. त्याआधी २०१९ मध्ये ग्रामविकास विभागानं मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव मागितला होता. सगळी चर्चा चोरीच्या भाषेत झाली. एका बाजूला, हे फुकटे आहेत. दुसऱ्या बाजूला, आमच्या पोरांनी शिकायचं कुठे? दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं आहे. पण राहण्याची जागा आहे का, असली तर ती जुलैत राहण्यालायक असते का, आणि नसेल तर ती बांधायची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न दोघांनीही बाजूला ठेवला. ठरावाचा कागद मिळवणं सोपं असतं. सरपंचांशी बरं असलं की झालं. मग कागदावर माणूस गावात राहतो आणि प्रत्यक्षात कळ्याच्या पुढच्या रांगेत असतो. आम्हा कंत्राटींना तर घरभाडे भत्ताच नाही, त्यामुळे आमच्यावर चोरीचा आळसुद्धा येत नाही. आम्ही पेट्रोल स्वतःच्या खिशातून जाळतो, महिन्याला साडेपाच हजारांच्या वर.

आता २२ जुलै २०२१.

मी आदल्या संध्याकाळी कोल्हापुरात आलो होतो. त्या दिवसांत कोसळलेला पाऊस कोल्हापूरकर विसरणार नाहीत. सकाळी निघालो तर बालिंग्याच्या अलीकडेच पोलीस उभे. पुढे मांडुकलीलाही कुंभीचं पाणी रस्त्यावर आल्याचं कळलं. नर्सताई पन्हाळ्याच्या बाजूला अडकल्या होत्या. म्हणजे उपकेंद्रात आम्ही दोघेही नव्हतो. दुपारी चारला आशाताईंचा फोन आला. वरच्या वाडीतल्या एका बाईला कळा सुरू झाल्यात, दिवस भरायला अजून पंधरवडा होता. मी फोनवर विचारत गेलो, किती मिनिटांनी कळ येते, पाणी गेलंय का, रक्त दिसतंय का. त्या एकेक उत्तर देत होत्या, मागे पावसाचा आवाज इतका की त्या ओरडून बोलत होत्या. १०८ ला फोन केला. गगनबावड्याच्या बाजूनं गाडी येऊ शकत होती, पण डांबरी रस्त्यापर्यंतच. वाडीपासून डांबरी दीड तासाची वाट आणि मध्ये साकवावरून पाणी.

मग फोन लागेना.

मी बालिंग्याच्या नाक्यावर एका टपरीच्या पत्र्याखाली तीन तास उभा होतो. करण्यासारखं काही नव्हतं, तरी घरी जावंसं वाटेना. रात्री साडेनवाला परत फोन लागला. घोंगडीची डोली करून चार बाप्ये आणि आशाताई तिला खाली घेऊन आले होते. साकवाला दोर बांधून ओलांडलं. बाळंतपण गाडीतच झालं, मुलगी, दोघी बऱ्या. आशाताईंना मी म्हटलं, ताई, तुम्ही फार मोठं काम केलंत. त्या म्हणाल्या, ‘तुमी असतासा तर मला एवढं भ्या वाटलं नसतं बघा.’ त्यांनी सहज म्हटलं. टोमणा नव्हता.

त्या रात्रीचे त्यांना जे काही मिळाले ते नेहमीच्या दराचे. वाट, पाऊस, दोर यांना त्या फॉर्मात रकाना नाही.

म्हणून मला ‘हरित कर्मचारी’ या शब्दाचं हसू येतं. आरोग्य व्यवस्थेतली सर्वांत कमी धूर सोडणारी व्यक्ती कोण, तर आशा. ती गावातलीच असते, नेमणुकीची अटच ती आहे. ती चालते. तिच्या कामाला एसी लागत नाही, जनरेटर लागत नाही. एखादी ताई वेळेवर सांगते की पायावर सूज आहे, दवाखान्यात चला, तेव्हा पुढचा कोल्हापूरच्या सीपीआरपर्यंतचा अँब्युलन्सचा फेरा, ऑपरेशन, रक्ताच्या पिशव्या, अतिदक्षता विभागातली वीज, यातलं बरंच काही टळू शकतं. कार्बनच्या भाषेत बोलायचं तर आजार लवकर ओळखणारं माणूस जवळ असण्यासारखी दुसरी बचत नाही. २००५ मध्ये ही योजना सुरू झाली. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाख आशांचा जागतिक नेतृत्व पुरस्कार देऊन गौरव केला. आणि २०२४ च्या सुरुवातीला याच महाराष्ट्रातल्या आशा आझाद मैदानात आठवडेच्या आठवडे बसल्या होत्या, आधी कबूल केलेल्या वाढीचा कागद निघावा म्हणून. मार्चमध्ये मोबदल्यात ५,००० रुपयांची वाढ झाली. नोकरी मात्र अजून ‘स्वयंसेवा’च.

बरं, कागद वाचवण्याच्या शपथेचं काय? आशाताईंकडे आज ॲप आहे. रजिस्टरंही आहेत. ॲप आलं म्हणून एकही रजिस्टर गेलं नाही. नेटवर्क नसलं की त्या वहीत लिहितात, रेंज असलेल्या खडकावर जाऊन ॲपमध्ये भरतात, महिन्याच्या शेवटी तेच आकडे छापील फॉर्मात उतरवतात, आणि तो फॉर्म मी पोर्टलवर चढवतो. मग मीटिंगसाठी त्याची झेरॉक्स. पेपरलेसचा एवढा कागद मी दुसरीकडे पाहिला नाही.

कचऱ्याचं बोलतो, कारण तिथे नियम चांगले आहेत. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम वाचले तर वाटतं, कुणीतरी माणसांचाही विचार केला होता. पिवळी, लाल, पांढरी, निळी वर्गवारी सगळ्यांना पाठ असते. पण त्याच नियमांत असंही आहे, की कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला रुजू होताना आणि त्यानंतर दरवर्षी प्रशिक्षण द्यायचं, आरोग्य तपासणी करायची, कावीळ-बी आणि धनुर्वाताची लस द्यायची. प्रत्येकाला. आमच्याकडे सिरिंज, रक्ताचे बोळे, ग्लोव्हज शेवटी उचलतात त्या अर्धवेळ परिचर मावशी. मी पहिल्या वर्षी त्यांना विचारलं, मावशी, काविळीचं इंजेक्शन घेतलंय का? त्या म्हणाल्या, ‘मला कुठं कावीळ झालीया?’ त्यांचे तीन डोस मी नंतर पाठपुरावा करून पूर्ण करून घेतले. त्या मेच्या प्रशिक्षणाला त्याही नव्हत्या. कचरा वेगळा करण्याचं सत्र ऐकलं आम्ही, आणि कचरा वेगळा करणार त्या.

रक्तानं भरलेला कचरा प्रक्रियेविना ४८ तासांहून जास्त ठेवायचा नाही, हाही नियम. पावसात रस्ता दोन-तीन दिवस बंद असला तर गाडी येणार कशी? दुर्गम भागात खोल खड्ड्यात पुरण्याची मुभा आहे, पण खड्ड्याच्या तळाखाली किमान सहा मीटरपर्यंत भूजल नसावं आणि जागा पुराची वा धूप होणारी नसावी. जुलैत गगनबावडा तालुक्यात अशी जागा मला दाखवा. इथे दोन फूट खणलं तरी झरा लागतो. म्हणजे कचरा साठणार, आणि कुणीतरी त्याची नीट राखण करायला हवी. ते काम महिन्याच्या तुटपुंज्या मानधनावरच्या, दिवसातून काही तास येणाऱ्या बाईच्या भरवशावर आहे. यावर डब्यांचे रंग हे उत्तर नाही.

‘मग करायचं काय, परदेशासारखं आपल्याला कसं जमेल?’ असं कुणी म्हणेल. परदेश कशाला, अहिल्यानगर जिल्ह्यातलं जामखेड बघा. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे या दांपत्यानं १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं. त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या, त्यांतल्या अनेक निरक्षर, अनेक दलित, आणि त्यांना आरोग्य कार्यकर्त्या केलं. बाहेरून आणलेला माणूस गावात टिकत नाही, हा अनुभव त्यामागे होता. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये त्यांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा. तेव्हा त्याला कुणी ‘हरित’ म्हटलं नव्हतं. पण गावचं माणूस गावात, चालत जाऊन, आजार वाढण्याआधी, याहून पर्यावरणाला सोयीचं मनुष्यबळ कुठलं असेल? आशा योजनेनं या कामांतून प्रेरणा घेतली, बाई घेतली, आणि पगार तेवढा द्यायचा राहिला.

माझ्या मित्राचा आक्षेप वेगळा आहे. तो पुण्यात एका मोठ्या खासगी रुग्णालयात भूलतज्ज्ञ आहे. तो म्हणतो, तुमच्या सगळ्या तालुक्यातल्या उपकेंद्रांपेक्षा आमच्या चिलरचा धूर जास्त. भुलेचा डेस्फ्लुरेन वायू हवेला इतका घातक की स्कॉटलंडनं २०२३ मध्ये त्याचा वापर थांबवला. तू कशाला पेट्रोलचे लिटर मोजतोस? बरोबर आहे त्याचं. उत्सर्जन कमी करायचं असेल तर सुरुवात त्याच्या थिएटरपासून व्हायला हवी, आमच्या चार ट्यूबांपासून नाही. पण मग शपथ आम्हाला का? आणि हवामान बिघडलं की रस्ता आमचा बुडतो, त्याचा नाही. डोंगरात पर्यावरणाचा प्रश्न धुरापेक्षाही हा आहे, की रस्ता बुडाला त्या दिवशी बुडालेल्या रस्त्याच्या अलीकडे कोण आहे आणि पलीकडे कोण.

दुसरा आक्षेप आमच्याच युनियनच्या ग्रुपवर आला. ‘पर्यावरणाच्या नावावर तुम्ही परत राहण्याची सक्ती आणाल.’ ही भीती खरी आहे. सक्ती मला नकोच आहे. दहावीतल्या मुलीची आई असलेल्या नर्सताईंना बारा महिने वाडीत राहा म्हणणं क्रूरपणा आहे. पण बारा महिने कशाला? पावसाळ्याचे चार महिने पाळ्या लावा. पंधरा दिवस एकजण राहील, पंधरा दिवस दुसरा, राहणाऱ्याला त्या दिवसांचा वेगळा भत्ता आणि पुढे जोडून सुट्टी. पूर आला की धरणावर माणूस चोवीस तास बसवता येतो, तर उपकेंद्रात का नाही? त्यासाठी दोन माणसं हवीत, त्यांची पदं भरलेली हवीत, आणि ती प्रतिनियुक्तीवर तिसरीकडेच बसलेली नकोत. डोंगरी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र हा निकष डोकी मोजतो. ती डोकी किती वाड्यांत पसरलीत, मध्ये किती ओढे आहेत, हे त्यात येत नाही.

क्वार्टरला उताराचं छप्पर घाला, पुढे चार फूट काढून, गावातल्या गवंड्याला विचारून. तालुक्यातल्या बारावी झालेल्या मुलींना नर्सिंगला पाठवा आणि परत इथेच कायम पद द्या. त्यांना अप-डाऊन करावं लागणार नाही, त्यांचं घरच इथे आहे. दर आठवड्याच्या मीटिंगा महिन्यातून एक करा. आणि आशांना कर्मचारी म्हणा. हे ऐकून एका वरिष्ठांनी मला सांगितलं, ‘डॉक्टर, हे पर्यावरणाचं नाही, हे आस्थापनेचं आहे. दुसऱ्या टेबलावर जातं.’ तेच तर म्हणतोय. पर्यावरणाच्या टेबलावर रोपं वाटायला निधी आहे, आस्थापनेच्या टेबलावर छपराला नाही, आणि दोन्ही टेबलं एकाच खोलीत आहेत. मी पाहिलीत.

गेल्या जूनपासून मी साळवणात एक खोली भाड्यानं घेतली आहे. उपकेंद्र तिथून बारा किलोमीटर. भाडं दोन हजार, स्वतःचं. पेट्रोलमध्ये जवळपास साडेचार हजार वाचतात, म्हणजे फायद्यातच आहे. हे मला चार वर्षं आधी सुचायला हवं होतं, हे कबूल. आईला बीपी आहे, ती कोल्हापुरात एकटी असते, शनिवारी रात्री जातो. गेल्या जुलैत मांडुकलीला पाणी आलं तेव्हा मी पाण्याच्या योग्य बाजूला होतो. आशाताईंनी सकाळीच फोन केला, ‘सर, हितंच हाय न्हवं?’ त्या दिवशी काही घडलं नाही. दोन ताप, एक विंचू, एका म्हाताऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या.

करार संपायला आता सहा आठवडे आहेत. दहा वर्षं सेवा झालेल्यांना सामावून घेण्याचा निर्णय सरकारनं २०२४ मध्ये घेतला, माझी अर्धी झालीत. नूतनीकरणाचा कागद अजून आलेला नाही. खोलीचे मालक विचारतायत, पावसाळ्यात ठेवणार का, नाहीतर एक शिक्षक मागतायत. त्यांना काय सांगू ते मला कळत नाही.

उपकेंद्रासमोर शपथेतलं झाड लावलंय, जांभळाचं. मी नसेन तेव्हा त्याला पाणी घालायचं मावशींनी कबूल केलंय.